वर्तमानपत्रात न सापडलेला शब्द

गेल्या वर्षीच्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून आम्हांला विचारले, “सर, पोराले सायेब बनवा म्हणून तुमच्याइथं ठेवलं. तुम्ही त्याले कुत्र्या-भुताचं पुस्तक काहून वाचायले देता?” सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. विचारणारे गृहस्थ खाणीत पाळ्या करून, पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवीत होते. आणि आपल्या समाजात मुलाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचा हिशेब मागण्याचा हक्क बापाला आहे. त्या दिवशी वेळेअभावी आम्ही त्यांना अर्धेच उत्तर दिले. संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा उरलेले अर्धे येथे द्यावे असे ठरविले.

पुस्तक होते सर आर्थर कॉनन डॉयल यांचे ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’. लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकातून ते ऑगस्ट १९०१ पासून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९०२ साली पुस्तकरूपाने आले. शेरलॉक होम्स हा त्यातील गुप्तहेर मराठी वाचकाला परका नाही. भालबा केळकरांनी त्याला मराठीत आणले. आणि आमच्या पिढीने तर त्याच्याही आधी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कंदिलाच्या उजेडात, थोरल्यांची नजर चुकवून वाचला आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचताना पान उलटण्याची जी घाई होत असे, ती इंग्रजी शिकविण्याच्या कामी लावता येईल काय, एवढाच आमचा मूळ विचार होता. नववी-दहावीच्या मुलांना आठवड्यातून दोन रात्री, अभ्यासिकेच्या वेळी, हे पंधरा प्रकरणांचे पुस्तक मूळ इंग्रजीतून वाचून दाखवायचे आणि त्यांच्याकडून वाचून घ्यायचे. डॉयल १९३० साली वारले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे प्रती काढून मुलांना वाटण्यास कोणाची परवानगी लागली नाही. खर्च झाला तो कागदाचा.

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप निराळा होता. ही मुले खेड्यातून आलेली, त्यांना साधे वाक्य धड बोलता येत नाही, त्यांना सोपे इंग्रजी द्यावे, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला हे कधीच पटले नाही. सोपे इंग्रजी म्हणजे काय, तर दुकानात, मुलाखतीत, फोनवर बोलण्यापुरते. तेवढे इंग्रजी ज्याला येते त्याला नोकरी मिळेलही. पण त्याच्याविषयी इंग्रजीत जे लिहिले जाते ते त्याला वाचता येणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचा व सर्वोच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत चालतो. आमच्या सावनेर तालुक्यातला शेतमजूर नागपूर खंडपीठात जातो, त्याच्या नावाचा निकाल त्याच्या हातात पडतो, आणि तो कागद वकिलाच्या तोंडाकडे पाहत धरून ठेवतो. त्या कागदातले शब्द सोप्या इंग्रजीच्या पुस्तकात नसतात. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी कठीण इंग्रजी आणि आमच्या मुलांसाठी सोपे, ही वाटणी ऐकली की इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुन्या वाटण्या आठवतात. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा उपदेश आहे. तो मोजक्या, कामापुरत्या इंग्रजीचा उपदेश आहे असे आम्ही तरी वाचलेले नाही.

बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली, हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्यांनी इंग्रजी कसे कमावले हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सुभेदार रामजी सकपाळांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर त्याला घोटून घेतले. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे सापडेपर्यंत सुटका नाही, अशी ती शिस्त होती. ही सवय बाबासाहेबांनी शेवटपर्यंत सोडली नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांचा सोळावा खंड उघडून पाहावा. त्यात त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आहे आणि पाली शब्दकोश आहे. ज्याच्या शिरावर देशाच्या राज्यघटनेचे काम येऊन गेले, तो माणूस शब्दांच्या याद्या करीत बसत होता.

आता पुस्तकाकडे वळू. त्यातले एक प्रकरण असे आहे. सर हेन्री बास्करव्हिल हा तरुण वारस लंडनच्या एका हॉटेलात उतरतो आणि त्याला एक निनावी चिठ्ठी येते. गावाकडच्या त्या उजाड माळापासून दूर राहा, जिवाची पर्वा असेल तर, अशा आशयाची. चिठ्ठीतले शब्द ‘टाइम्स’ वर्तमानपत्रातून कात्रीने कापून चिकटविलेले आहेत. होम्स केवळ अक्षराच्या ठशावरून पत्र ओळखतो आणि आदल्या दिवशीच्या अग्रलेखातले तेच शब्द काढून दाखवितो. तो अग्रलेख खुल्या व्यापारावरचा. मात्र एकच शब्द शाईने हाताने लिहिलेला आहे: ‘मूर’, म्हणजे तो माळ. का? कारण तो शब्द वर्तमानपत्रात सापडला नाही. बाकीचे सारे शब्द रोजच्या वापरातले, म्हणून ते छापील मिळाले. ज्या एका शब्दावर चिठ्ठीचा सारा अर्थ उभा, तो हाताने लिहावा लागला.

हे प्रकरण वाचून झाल्यावर आम्ही मुलांना ‘मूर’चा अर्थ कोशातून पाहायला सांगितला नाही. प्रथम काही मुलांनी ‘मोर’ ऐकले होते आणि इंग्लंडात मोरांपासून दूर राहण्यासारखे काय आहे, असा त्यांना प्रश्न पडला होता. पुढच्या प्रकरणांत वॉटसन त्या माळावर पोचला, धुके पाहिले, मैलोगणती झाड नसलेली जमीन पाहिली, रात्री कसलासा लांबलचक हंबरडा ऐकला, तेव्हा शब्द आपोआप भरत गेला. पाच प्रकरणांनंतर त्या शब्दाचा अर्थ विचारला असता वर्गातले एकही पोर अडले नाही. कोशाने ‘ओसाड पठार’ एवढे दिले असते. गोष्टीने त्यात पाऊस, भीती आणि एकटेपण घातले. पुढे काय होते हे कळल्यावाचून झोप येणार नाही, अशा वेळी समोर आलेला शब्द मूल स्वतःहून झडप घालून घेते. यादीतला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो, इतकेच आमच्या पंचवीसेक वर्षांच्या अनुभवाला माहीत आहे.

प्रत्येक मुलाची एक वही होती. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, त्याखाली तो कोणत्या प्रसंगी आला ते. उजवीकडे आधी घरच्या बोलीतला अर्थ आणि मग प्रमाण मराठीतला. बोलीचा रकाना आम्ही हट्टाने ठेवला. कादंबरीत ‘मायर’ म्हणून एक भयंकर दलदल आहे. हिरव्यागार दिसणाऱ्या जागेवर तट्टाचा पाय पडतो आणि पाहता पाहता ते तट्टू मानेपर्यंत गडप होते. ‘दलदल’ हा शब्द मुलांना पुस्तकी वाटला. “सर, कन्हानच्या रेतीत पाय फसते तसं काय?” असे एकाने विचारले आणि बाकीच्यांनी ‘फसन’ हा शब्द उजव्या बाजूला लिहून टाकला. त्याच दलदलीच्या मध्यभागी कथिलाची सोडून दिलेली एक जुनी खाण आहे, तीत तो कुत्रा लपवून ठेवलेला असतो. तेथे ‘शाफ्ट’ शब्द येतो. तो समजावून सांगण्याची आम्ही तयारी करून गेलो होतो. परंतु गुमगावची मँगनीज खाण खाप्याच्या शेजारी असताना ‘शाफ्ट’ म्हणजे काय हे मुलांनीच आम्हांला सांगितले, तेही आम्हांला ठाऊक नव्हते इतक्या तपशिलाने. माळावर आदिमानवाच्या दगडी झोपड्या आहेत आणि होम्स त्यांतल्या एकीत लपून राहतो. त्या निमित्ताने आम्ही नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे सांगितली. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने ती उकरून पाहिली. जुनापाणीची वर्तुळे लोहयुगातली आहेत आणि डॉयलच्या झोपड्या त्याहून जुन्या मानलेल्या, तेव्हा ‘निओलिथिक’ आणि ‘मेगॅलिथिक’ या दोन शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून एक तास गेला. इतिहासाचा मास्तर इंग्रजी शिकवू लागला की असे तास जातात.

सगळेच शब्द आम्ही घेतले नाहीत. बॅरोनेट कोण, नाइट कोण आणि त्यांच्यात उच्च-नीच काय, या सरंजामी शिडीवर मुलांनी डोके शिणवावे असे आम्हांला वाटले नाही. आपल्या घरच्या शिड्या कमी नाहीत. पहिल्याच प्रकरणात ‘पिनांग लॉयर’ अशी वस्तू येते. अर्ध्या वर्गाने ‘पिनांगचे वकील’ असे लिहिले. ती एका जाड बुंध्याची हातातली काठी आहे, हे कळल्यावर कोशावर आणि आमच्यावर मुलांचा विश्वास काही दिवस कमी झाला होता.

दुसऱ्या प्रकरणावर मात्र आम्ही तीन आठवडे रेंगाळलो. त्यात एकाच घराण्याची हकिकत तीन वेगवेगळ्या इंग्रजीत आली आहे. प्रथम १७४२ सालचे एक हस्तलिखित. घराण्याचा दुष्ट पूर्वज, त्याचा बळी ठरलेली मुलगी, त्याच्या नरडीचा घोट घेणारा राक्षसी कुत्रा, आणि वंशजांनी रात्री माळावर जाऊ नये असा इशारा. भाषा जुनी, जड, पोथीची. मग सर चार्ल्सच्या मृत्यूची वर्तमानपत्रातली बातमी. ती सरळ, सभ्य, अफवा झटकून टाकणारी. आणि शेवटी डॉक्टर मॉर्टिमरचे तोंडी सांगणे: प्रेताजवळ आपण पावलांचे ठसे पाहिले, पण चौकशीत बोललो नाही. का बोलला नाही? विज्ञानाच्या माणसाने भाकडकथेला दुजोरा दिल्यासारखे दिसेल म्हणून, आणि वाड्याची बदनामी होऊन तो ओस पडेल म्हणून.

पोथी, बातमी आणि साक्ष. इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेताना साधनांची चिकित्सा म्हणून जे आम्ही दोन वर्षे शिकलो, ते येथे काही पानांत मांडलेले आहे. कोण सांगतो, केव्हा सांगतो, काय गाळतो आणि गाळण्यात त्याचा लाभ कोणता. येथे ‘इन्क्वेस्ट’ हा शब्द आला. मुलांना पंचनामा ठाऊक होता. विहिरीत कोणी सापडले, शेतात कोणी औषध प्यायले की पोलीस येतात, मर्ग दाखल होतो, पंच सही करतात. एका मुलाने विचारले, “पंचानं पाह्यलं ते सांगितलंच नाही, तर कागदावर काय येईल?” हा प्रश्न इंग्रजीच्या तासात आला याचे आम्हांला फार समाधान वाटले. ज्या वस्त्यांतून ही मुले येतात त्या वस्त्यांत कागदावर न आलेली गोष्ट घडलीच नाही असे ठरते.

मृत सर चार्ल्सच्या पावलांचे ठसे एका जागेपासून बदललेले आहेत, केवळ चवड्यांचे उमटलेले. साक्षीदार म्हणतात, तो चवड्यांवर चालत होता. होम्स म्हणतो, तो जीव मुठीत धरून पळत होता. ठसे तेच, पहिले वाचन आळशी, दुसरे विचारी. याच्या आधारे आम्ही शब्दांची एक शिडी फळ्यावर लिहिली: ‘गेस’, ‘सस्पेक्ट’, ‘इन्फर’, ‘डिड्यूस’, ‘प्रूव्ह’. अटकळ, संशय, अनुमान, निष्कर्ष, सिद्धता. मराठी बोलताना आपण या पाचही ठिकाणी ‘वाटते’ हा एकच शब्द वापरून मोकळे होतो. आपल्या विहारात कालाम सुत्त किती वेळा वाचले जाते! परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका, हे ऐकताना मुले माना डोलावतात. ते आचरणात आणायचे तर अटकळ आणि सिद्धता यांतला फरक सांगणारे शब्द आधी जिभेवर हवेत. कादंबरीच्या शेवटी तो नारकी कुत्रा सामान्य कुत्रा निघतो. त्याच्या तोंडाला फॉस्फरस चोपडलेला असतो. आपल्याकडे चकवा लागतो म्हणणारी माणसे आजही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला, हे मुलांना त्याच रात्री सांगितले.

माळावर तुरुंगातून पळालेला एक कैदी दडून बसलेला आहे, सेल्डन नावाचा. त्याच्या निमित्ताने ‘सस्पेक्ट’, ‘अक्यूज्ड’ आणि ‘कन्व्हिक्ट’ हे तीन शब्द आम्ही वेगळे केले. संशयित, आरोपी, सिद्धदोष. आपल्या कारागृहांतदेखील न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी अशी वेगळी नोंद असते. बातम्यांत मात्र संशयिताला दुसऱ्याच दिवशी गुन्हेगार करून टाकतात, आणि आडनाव कळल्यावर ते काम अधिक लवकर होते. हे तीन शब्द ज्याला नीट कळतात तो मुलगा वर्तमानपत्र वेगळ्या नजरेने वाचतो. केवळ एवढ्यासाठीही आम्ही पुस्तकाला खर्च केलेला वेळ सार्थकी लागला असे म्हणू.

आता या पुस्तकाविरुद्ध जे म्हणायचे ते म्हटले पाहिजे. रहस्यकथा साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात वाढली आणि त्या काळाचा मळ तिला लागलेला आहे. डॉयलचीच ‘द साइन ऑफ फोर’ ही १८९० सालची कादंबरी आम्ही मुलांना दिली नाही. तीत अंदमानच्या आदिवासी माणसाचे जे चित्र काढले आहे ते आमच्याने वर्गात वाचवले नसते. ‘हाउंड’मध्ये तो मळ सूक्ष्म आहे. डॉक्टर मॉर्टिमर पहिल्या भेटीतच होम्सच्या कवटीवर लुब्ध होतो. रोग म्हणजे पूर्वजांकडे परतणे आहे काय, अशा विषयांवर त्याने निबंध लिहिले आहेत. कैदी सेल्डनचा चेहरा पशूसारखा रंगविला आहे, म्हणजे गुन्हा त्याच्या हाडामासातच आहे असे वाचकाने समजावे. खरा खुनी सापडतो तोही कसा? वाड्यातल्या दुष्ट पूर्वजाच्या तैलचित्रावर टोपी आणि केस झाकून होम्स हात धरतो, आणि खाली शेजारच्या स्टेपल्टनचा चेहरा दिसतो. तो त्याच वंशाचा. पूर्वजाचा चेहरा आणि पूर्वजाची वृत्ती दोन्ही त्याच्यात उतरलेली!

हे प्रकरण संपल्यावर दहावीतला एक मुलगा, एरवी मागच्या बाकावर डुलक्या घेणारा, उठून म्हणाला, “सर, शाप खोटा निंगाला. मंग रक्ताचा दोष खरा कसा?”

आम्ही त्या रात्री पुढचे पान वाचले नाही. जो शाप पुस्तकाने पुढच्या दाराने हाकलला, तोच मागच्या दाराने ‘हेरेडिटी’ आणि ‘अटॅव्हिझम’ असे शास्त्रीय अंगरखे घालून आत आला आहे, हे त्या मुलाला दिसले होते. आम्ही फळ्यावर सनावळी लिहिली. १८७१: ब्रिटिश सरकारचा गुन्हेगार जमाती कायदा, ज्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरविली. १८७६: इटलीतल्या लोंब्रोसोचा ग्रंथ, जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो असे सांगणारा. १९०१: ‘हाउंड’चा पहिला हप्ता, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानची जनगणना, जिचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले हा नाकाच्या मापावरून जातीची श्रेणी लावू पाहणारा. इंग्लंडात कवटी, इकडे नाक. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्या कित्येक पिढ्या हजेरीत गेल्या. सोलापूरच्या सेटलमेंटची काटेरी तार आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालाशीच थांबते. आणि १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी काय केले? नाक-डोक्याच्या मापांचे तेच आकडे समोर घेतले आणि त्याच आकड्यांनी दाखवून दिले की अस्पृश्य हा निराळा वंश नव्हे. प्रतिपक्षाचा पुरावा त्याच्यावरच उलटविणे, हे होम्सला शोभणारे काम आहे. पण होम्सच्या लेखकाला ते सुचले नसते.

म्हणूनच ज्या पुस्तकात दोष आहेत ते मुलांपासून दूर ठेवावे, या मताचे आम्ही नाही. ‘हेरेडिटी’ हा शब्द मुलाला कोठेतरी भेटणारच आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो निरुपद्रवी भेटेल. लग्नाच्या जाहिरातीत, आरक्षणाच्या वादात, गुणवत्तेच्या गप्पांत तो वेष पालटून भेटेल. आमच्या समोर, वहीत नोंदवून, प्रश्न विचारता येईल अशा जागी तो पहिल्यांदा भेटावा, हे बरे.

शेवटचा प्रसंग सांगतो. या प्रसंगासाठी आमची तयारी नव्हती. सर हेन्री आपले जुने कपडे नोकराला देऊन टाकतो. नोकराची बायको ही पळालेल्या सेल्डनची बहीण. त्यामुळे ते कपडे माळावर सेल्डनकडे जातात. कुत्र्याला वास दिलेला असतो सर हेन्रीचा. कपड्यांच्या वासावर कुत्रा सेल्डनच्या मागे लागतो आणि तो गरीब माणूस कड्यावरून कोसळून मरतो. होम्स आणि वॉटसन अंधारात धावत जातात, कपडे ओळखतात, सर हेन्री मेला म्हणून हळहळतात. मग होम्सला प्रेताची दाढी दिसते. हा सर हेन्री नव्हे! आणि तो आनंदाने हसू-नाचू लागतो.

वर्गात कोणी हसले नाही. उतरलेले कपडे म्हणजे काय हे आमच्या मुलांना समजावून द्यावे लागत नाही. त्यांच्या आज्यांनी ते नेसलेले आहेत. मृतांची वस्त्रे हीच चांडाळांची वस्त्रे, असे सांगणारा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हेही सांगितले, ते उगाच नव्हे. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, थो मेला त रडलं कोन?” बहीण रडली, असे आम्ही सांगितले; पुस्तकात तसे आहे. तिच्या लेखी तो अखेरपर्यंत तिने खेळविलेला लहानगा भाऊच होता. साऱ्या कादंबरीत त्याच्या पशूसारख्या चेहऱ्याविरुद्ध दिलेली तेवढी एकच साक्ष.

होम्सला त्या क्षणी जे वाटले त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आम्ही फळ्यावर लिहिले: ‘रिलीफ’. आठवड्याने वह्या तपासायला घेतल्या. पालकसभेत ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांच्या मुलाची वही त्यांत होती. ‘रिलीफ’ या शब्दापुढे त्याने दोन अर्थ लिहिले होते. पहिला: दुष्काळात सरकारकडून मिळते ती मदत. दुसरा: मेलेला माणूस आपला नाही हे कळल्यावर जे वाटते ते.

आम्ही दोन्ही अर्थांपुढे बरोबरची खूण केली.